कुणालाही जमेल असं काम

काटेकाकू रोज परदेशात नोकरीला जायच्या आणि संध्याकाळी दिवेलागणीच्या आत घरी यायच्या.

बोट नाही, विमान नाही. सकाळी देवापुढे हात जोडायचे, डबा पिशवीत टाकायचा, बारा मिनिटं चालायचं आणि उंच जाळीच्या कुंपणातल्या फाटकातून आत शिरायचं. तिथे कायद्याच्या लेखी देश संपायचा. जमीन तीच, आभाळ तेच, फाटकाशी असलेल्या झाडाची सावली सकाळी बाहेर पडायची आणि दुपारी आत. पण बोटीतून उतरून या कुंपणात आलेल्या मालावर जकात नाही, कारण तो अजून देशात आलाच नाही असं धरायचं. आतून गावात एक खिळा न्यायचा झाला तरी तो परदेशातून आल्यासारखा जकात भरून न्यायचा. कागदावर या जागेला ‘मुक्त क्षेत्र’ म्हणत. तोंडी सगळे ‘झोन’ म्हणत.

फाटकावर तपासणीला एक आडदांड बाई बसायची. बाहेर जाताना प्रत्येकीची पिशवी उघडून बघणं हे तिचं काम, आणि तिच्या जिभेला काही हाड नव्हतं.

“काय काकू, परदेशातून आज काय आणलंत?”

“पाठदुखी.”

“तिच्यावर जकात नाही. जा घेऊन.”

काकूंचं काम घड्याळांना काटे बसवायचं. भिंतीवरची, लंबकाची घड्याळं. त्यांच्या पोटातली यंत्रं समुद्रापलीकडच्या लांबच्या देशातून यायची, लाकडी चौकटी शेजारच्या देशातून, तबकड्या झोनमध्येच छापल्या जायच्या. आणि काकूंच्या टेबलावर हे सगळं एकत्र येऊन पहिल्यांदा बोलायला लागायचं. खोलीत दोन टेबलं होती. एकावर काकू आणि त्यांच्या हाताखाली तयार होत असलेली धाकटी. दुसऱ्यावर सहा जणी सेलवर चालणारी घड्याळं जोडायच्या. त्या टेबलाची म्होरकी ती सेलवाली. काकूंची एकोणीस वर्षांपासूनची मैत्रीण. दोघींचे डबे इतके मिसळलेले की कुणाची भाजी कुणाच्या घरची, हे भाजीलाही सांगता आलं नसतं.

या खोलीची एक रीत होती. ती पाडली होती म्हाताऱ्या घड्याळजींनी, ज्यांनी काकूंना काम शिकवलं आणि जे आता देवाघरी गेले. तयार झालेलं घड्याळ तीन दिवस भिंतीवर चालवून बघायचं, आणि ते जिथे जाणार असेल तिथल्या वेळेला लावायचं. “सासरी जायच्या आधी तिथली वेळ अंगवळणी पडू दे,” म्हणायचे. वाटेत लंबक काढून ठेवावाच लागतो, घड्याळ बंदच पडतं, मग या वेळेला अर्थ काय, असं कुणीतरी विचारलं होतं. घड्याळजींनी चष्म्यावरून नुसतं बघितलं होतं. त्यानंतर कुणी विचारलं नाही.

सगळी घड्याळं जायची शेजारच्या देशात, आणि तो दोन तास पुढे. त्यामुळे बाहेर दहा वाजलेले असताना खोलीतल्या दोनशे घड्याळांमध्ये बारा झालेले असायचे. उंबरा ओलांडला की काकू दोन तास पुढच्या जगात जायच्या. बाहेर जे अजून व्हायचं होतं ते इथे होऊन गेलेलं. मुलीच्या परीक्षेच्या दिवशी त्या सकाळी खोलीत शिरल्या, भिंतीकडे बघितलं आणि त्यांच्या जिवाला एकदम थंडावा वाटला: चला, पेपर हातात पडला, सोपाच निघाला असणार. बाहेर मुलगी अजून वेणी घालत होती.

दोनशे घड्याळांचा आवाज एक नसतो. नव्या माणसाला तो पावसासारखा वाटायचा, पत्र्यावरच्या नव्हे, दाट पानांवरच्या. काकूंना मात्र त्यात एकेकाची चाल वेगळी ऐकू यायची. काम करता करता त्या प्रत्येक घड्याळाला एक भिंत देऊन टाकायच्या. हे स्वयंपाकघरात जाणार. तिथल्या बाईचा डोळा दुधावर आणि कान याच्यावर. हे शाळेच्या शिपायाच्या खोलीत. हे कुणा आजारी माणसाच्या समोरच्या भिंतीला. त्याला झोप नसेल, म्हणून याचं पाऊल मऊ पडायला हवं. मग त्या चौकटीला कान लावायच्या, डोळे मिटायच्या, आणि बराच वेळ तशाच राहायच्या. बघणाऱ्याला वाटावं, बाईंना डुलकी लागली.

डुलकी नव्हती ती. लंबकाचं घड्याळ नीट टांगलं तरी कधी कधी लंगडतं. एक ठोका लांब, एक आखूड. आतल्या एका बारीक तारेला केसभर वाक दिला की चाल सरळ होते. वाक जास्त झाला की दुसऱ्या पायाने लंगडतं. यंत्रावर तो वाक मोजता येत नाही. कानाने ऐकायचा आणि बोटाने द्यायचा. काकू द्यायच्या. आणि कुणी काही म्हणालं तर म्हणायच्या, “त्यात काय एवढं?”

हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं होतं. पाहुण्यांनी भाजीचं कौतुक केलं तर “मीठ जरा जास्तच झालंय.” साडी छान म्हटलं तर “जुनीच आहे.” आपल्या तोंडाने आपलं चांगलं म्हटलं की त्यातलं पुण्य जातं, असं त्यांच्या आईने त्यांना शिकवलं होतं, आणि आईला तिच्या आईने.

त्या वर्षी आपल्या देशासकट शेजारच्या पाच देशांनी मिळून नवा करार केला. एकमेकांच्या देशात तयार झालेला माल एकमेकांकडे जकातीशिवाय जाऊ द्यायचा, असा करार पूर्वीही होता. पण त्यात कुंपणातल्या मालाला जागा नव्हती. झोनमधला माल म्हणजे ना घर का ना घाट का. नव्या करारात त्याला जागा मिळाली, पण एका अटीवर: कुंपणाच्या आत त्या मालावर खरं काम झालेलं असलं पाहिजे. बाहेरून सुटे भाग आणले, नुसते जोडले, खोक्यात भरले, हे चालायचं नाही. ज्याला ना खास कसब लागतं ना खास यंत्र, ते काम करारात मोजलंच जाणार नव्हतं.

हे सगळं वाचून ठेवलेली एकच व्यक्ती त्या इमारतीत होती. वरच्या मजल्यावरची दाखलेवाली. माल कुठल्या देशाचा याचे दाखले ती तयार करायची, म्हणून बायका तिला ‘घड्याळांची सुईण’ म्हणत. ती दुपारी जेवायला खाली यायची आणि समजावत बसायची.

“यंत्र माहेरचं परकं असलं तरी चालेल, काकू. इथे येऊन ते इथलं झालं पाहिजे.”

“म्हणजे सुनेसारखं,” सेलवाली म्हणाली. “मला तीस वर्षं झाली. सासूबाई अजून दाखला देत नाहीत.”

सगळ्या हसल्या. काकूही हसल्या. पण शेजारच्या देशाचा कस्टमचा अधिकारी खोली बघायला येणार आहे आणि त्याने ‘हे खरं काम नाही’ असं लिहिलं तर घड्याळांवर पूर्वीसारखी जकात बसेल, घेणारा दुसरीकडे जाईल आणि ही खोली बंद होईल, हे कारखान्याच्या साहेबांनी बायकांना सांगितलंच नव्हतं. बायका घाबरतील म्हणून. त्यांनी एवढंच सांगितलं: “टेबलं पुसून ठेवा. विचारलं तरच बोला. आणि नम्र राहा.”

पाहुणे साहेब आले. उंच, बारीक, भाषा आपलीच पण पुस्तकातून शिकलेली. प्रत्येक शब्द घडी मोडू नये तसा ठेवायचे. दारातून आत पाऊल टाकलं आणि थांबले. मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं, मग भिंतीकडे. दोनशे घड्याळं त्यांच्या गावची वेळ दाखवत होती. तीन दिवस परक्या वेळेत वावरलेला माणूस तो. त्याचा चेहरा एकदम सैल झाला.

“इथे माझ्या घरची दुपार आहे,” ते म्हणाले.

मग काकूंच्या टेबलाशी आले. काकू उभ्या राहिल्या, पदराला हात पुसले.

“आपण काय करता?”

“काही नाही, नुसते काटे बसवते.”

“हे कठीण असते?”

“छे हो, त्यात काय एवढं?”

“विशेष हत्यार?”

“हत्यार कसलं, बोटं पुरतात.”

“शिकण्यास काळ किती लागतो?”

आणि काकू, आपल्या आईची लेक, मान खाली घालून गोड हसून म्हणाल्या, “कुणालाही जमेल.”

पाहुण्यांनी वहीत तीन ओळी लिहिल्या. मागे उभ्या असलेल्या दाखलेवालीचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला.

दुपारी डबे उघडले तेव्हा ती खाली आली ती बसलीच नाही. “काकू, काय बोलून बसलात हो तुम्ही! आपल्या हाताने आपल्या खोलीला कुलूप लावलंत!” आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं: अट, वही, त्या तीन ओळी. “त्यांना हेच तर शोधायचं होतं, की कसब लागतं का. तुम्ही म्हणालात, लागत नाही.”

“पण मी आपलं बोलायची पद्धत म्हणून…”

“कराराला पद्धत कळत नाही, काकू. जे लिहिलं ते लिहिलं.”

सेलवालीचा घास हातातच राहिला. “एकोणीस वर्षं तोंडातून ब्र काढला नाहीस,” ती म्हणाली, “आणि काढलास तो हा!”

दाखलेवालीने डोळे पुसले. “उद्या सकाळी ते जाणार आहेत. तासभर थांबा म्हणून मी हातापाया पडून आलेय, एक काम बघायचं राहिलंय म्हणून. उद्या नीट बोला. स्वतःबद्दल बोला.”

त्या संध्याकाळी काकू फाटकातून बाहेर पडल्या तेव्हा तपासणीवालीने पिशवी न उघडताच त्यांना जाऊ दिलं. वाटेवरची घरं नेहमीचीच होती, पण काकूंना प्रत्येक उघड्या खिडकीतून एक भिंत दिसत होती, आणि भिंतीवर घड्याळाच्या जागी नुसता फिकट चौकोन.

घरी यजमान ओट्याशी बसून ब्रश धूत होते. दुकानांच्या पाट्या रंगवायचा त्यांचा धंदा. काकूंनी पिशवी न ठेवताच सगळं सांगितलं.

“अहो, आपणच आपली टिमकी वाजवायची? पाप नाही का ते?”

“अगं, तीस वर्षं पाट्या रंगवतोय,” ते म्हणाले. “‘आमच्याकडे विशेष काही मिळत नाही’ अशी पाटी रंगवून मागणारा दुकानदार मला अजून भेटायचाय.”

“ते दुकान झालं.”

“बरं बाई, दुकान झालं.” त्यांनी ब्रश झटकला. “मग एवढंच सांग. त्याला तू जे सांगितलंस ते खरं होतं का?”

काकूंनी पिशवी खुंटीला अडकवली. रात्री जेवण गेलं नाही. सकाळी देवापुढे हात जोडून उभ्या राहिल्या तर नेहमीची प्रार्थनाच आठवेना. नुसत्या उभ्या. आणि त्या रिकामपणात हळूहळू एक गोष्ट स्पष्ट होत गेली, थंडीत काचेवरचं धुकं निवळावं तशी: काल आपण नम्र नव्हतो. काल आपण खोटं बोललो. ज्या देवाने कानात हे ऐकणं घातलं, त्याच्या देण्याला आपण ‘काही नाही’ म्हणालो. “देवा,” त्या मनात म्हणाल्या, “आज वाढवून सांगणार नाही आणि कमी करूनही सांगणार नाही. जेवढं आहे तेवढंच.”

असं वचन देताना ते सोपं वाटतं.

पाहुणे साहेब आले तेव्हा त्यांच्या हातात प्रवासाची बॅग होती. काकूंनी बसायला खुर्ची पुसून दिली आणि म्हणाल्या, “साहेब, काल मी तुमच्याशी खोटं बोलले.”

कारखान्याच्या साहेबांनी खोकल्यासारखं केलं. पाहुण्यांनी पेन खाली ठेवलं.

“कुणालाही जमेल म्हणाले. नाही जमत.” काकूंनी दोन घड्याळांकडे बोट दाखवलं. “तुम्ही कान देता का जरा? ही दोन घड्याळं बघा. डोळे मिटा.”

पाहुण्यांनी खरंच डोळे मिटले. खोलीतल्या सगळ्यांनी हातातलं काम थांबवलं. आता फक्त तो आवाज होता, दाट पानांवरच्या पावसाचा, दोन तास पुढच्या दुपारचा.

“मला दोन्ही समान वाटतात,” ते म्हणाले.

“नाहीत. डाव्या बाजूचं लंगडतं. टिक… टॅक टिक… टॅक. घाई नको. तुमच्या घरात कुणी पाय ओढत चालत असेल, तसं ऐका.”

मिनिट गेलं. आणखी एक. पाहुण्यांच्या भुवया हलल्या. “माझे वडील,” ते हळूच म्हणाले. “असेच चालत.”

काकूंनी घड्याळाच्या पाठीत बोट घातलं. तारेला वाक दिला, इतका थोडा की बोट हललेलंही दिसलं नाही. थांबल्या, ऐकलं, आणखी किंचित दिला. ठोका सरळ झाला. पाहुण्यांनी डोळे उघडले. घड्याळाकडे बघत राहिले, जसं कुणी दार उघडून आत आल्यावर बघावं.

“शिकण्यास किती काळ लागला?”

“चार वर्षं. पहिलं वर्षभर घड्याळजींनी मला हात लावू दिला नाही. हात मांडीवर ठेवायचे आणि नुसतं ऐकायचं. घरी जाऊन रडायचे मी. चौथ्या वर्षी घड्याळजी एका घड्याळाला कान लावून म्हणाले, हे जाऊ दे सासरी. ते पहिलं.” एकोणीस वर्षांत हे त्यांनी यजमानांनाही असं सलग सांगितलं नव्हतं. “आता ही धाकटी शिकतेय. दोन वर्षं झाली. चांगली आहे. अजून दोन लागतील.”

पाहुण्यांचं पेन भराभर चाललं. मग त्यांनी मान वळवली. “आणि ते टेबल? तेथे किती काळ?”

काकूंनी दुसऱ्या टेबलाकडे बघितलं. सेलवाली त्यांच्याकडेच बघत होती. तिचे डोळे सांगत होते, सांग काहीतरी, दोन वर्षं सांग, एक सांग.

“त्यांचा हात फार स्वच्छ आहे,” काकू म्हणाल्या. “महिन्यात एक काटा वाकडा जात नाही.”

“होय. परंतु शिकण्यास?”

दोनशे घड्याळं चालत होती. काकूंना वाटलं, दोन तास पुढे हा प्रश्न संपून गेलेला असेल. तिथे जाऊन बसता आलं असतं तर.

“आठवडा,” त्या म्हणाल्या.

दीड महिन्याने पत्र आलं. दाखलेवाली ते घेऊन जिना दोन दोन पायऱ्या उतरत आली आणि शेवटच्या पायरीवर तिची चाल मंदावली. लंबकाची घड्याळं करारात बसली; ती इथलीच मानली जातील, जकातीशिवाय जातील. सेलची बसली नाहीत.

खोली बंद झाली नाही. पण सेलचं टेबल उठलं. चौघींना झोनमधल्याच दुसऱ्या कारखान्यात खोकी भरायच्या कामावर पाठवलं. लंबकाच्या कामाला मागणी वाढणार होती, म्हणून दोघींना शिकायला ठेवायचं ठरलं. त्यातली एक कोण, हे काकूंनी साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, “त्या त्रेपन्नच्या आहेत, काकू. चार वर्षं शिकणार कधी आणि करणार कधी?” काकू म्हणाल्या, “कान चांगला आहे तिचा. शेजारच्या घरात कोण काय बोललं ते तिला सगळं ऐकू येतं.” साहेबांना हसू आलं आणि त्यांनी सही केली.

सेलवाली मात्र हसली नाही. डबा आता ती वेगळा खायची, खिडकीशी, पाठ करून. पहिल्या दिवशी एकदाच म्हणाली, “खरं बोलायला तुला माझंच टेबल सापडलं का गं?”

देवापुढे काकूंनी हेच विचारून बघितलं होतं, आणि तिथून अजून काही आलं नव्हतं.

त्यांनी स्टूल पुढे ओढलं. सेलवाली बसली. काकूंनी तिचे दोन्ही हात धरून तिच्या मांडीवर ठेवले. ते हात ताठ होते, लाकडासारखे. समोर एकच घड्याळ ठेवलं. बाहेर सकाळ होती, खोलीत दुपार. धाकटी आणि दुसरी शिकाऊ बाई आपापल्या जागी होत्या.

असे बारा दिवस गेले. सेलवाली रोज यायची, हात मांडीवर ठेवायची, भिंतीकडे बघत ऐकायची आणि उठून जायची. तेराव्या दिवशी बराच वेळ बसून तिने काकूंकडे न बघताच हनुवटीने घड्याळ दाखवलं.

“हे लंगडतंय.”

हो म्हणावं, एवढं एक हो म्हणावं, म्हणजे दोन डबे पुन्हा शेजारी उघडतील असं काकूंना वाटलं. त्यांनी चौकटीला कान लावला. डोळे मिटले. ठोके सरळ पडत होते, एकसारखे, कुणी शांतपणे घरभर फिरत असल्यासारखे.

“नाही गं,” त्या म्हणाल्या. “पुन्हा ऐक.”

सेलवालीने रागाने श्वास सोडला. मग स्टूल थोडं पुढे सरकवलं आणि आपला कान लाकडाला टेकवला.